त्याच तोंडानं

कोल्हार
३० डिसेंबर २०२४

आक्का,

‘तीर्थरूप’ लिहून पुढं साष्टांग नमस्कार घालायची पद्धत मला ठाऊक आहे, पण माझ्या मानेला टाके पडलेत आणि वाकता येत नाही. उभ्याचाच नमस्कार मानून घे. तू मानणार नाहीस, पण लिहायचं माझं काम.

तुला वाचता येत नाही, म्हणजे हे निकिताच वाचत असणार. निकिता, बाळा, मी तुझ्या आजीची धाकटी बहीण, जयमाला. तुझ्या वडिलांची मावशी. तुला शेवटची पाहिली तेव्हा तू पाचवीत होतीस आणि तुझे पुढचे दोन दात सशासारखे होते. आता बारावीला आहेस असं कळतं. हळू वाच, आजी मध्ये मध्ये ‘पुना वाच’ म्हणेल, तेव्हा चिडू नकोस.

मोबाईलवर का नाही पाठवलं, असं तुम्हा दोघींच्या मनात येईल. मोबाईलनंच घात केला, म्हणून. निकिता, तुला घरात कोणी धड सांगितलं नसेल तर मी सांगते. सात वर्षांपूर्वी माझ्या सचिनचं लग्न ठरलं. सख्ख्या बहिणीला लग्नाचं बोलावणं कसं करायचं असतं? घरच्या माणसानं पत्रिका आणि अक्षता घेऊन जायचं, पाटावर बसायचं, जेवायचं आणि तिला बरोबर घेऊनच परत यायचं. याला आपल्यात मूळ लावणं म्हणतात. मी मूळ लावलं नाही. घाई होती, माणूस मोकळा नव्हता, मी आपला तुझ्या वडिलांच्या मोबाईलवर पत्रिकेचा फोटो टाकला आणि खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. आजी आली नाही. बरोबरच केलं तिनं. पण तेव्हा मला ते बरोबर वाटलं नाही. मांडवात कोणीतरी विचारलं, ‘राहीबाई कुठं दिसत न्हाई?’ आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘मला बहीण होती, ती मेली.’

उचलली जीभ, लावली टाळ्याला. वऱ्हाड पांगायच्या आत ते वाक्य तुमच्या नेवाशाला पोचलं होतं. तेव्हापासून आक्का, तू बोलली नाहीस आणि मीही बोलले नाही.

तर कळवायचं असं की १० डिसेंबरला माझं नगरला ऑपरेशन झालं. तोंडात एक गाठ होती, ती काढली. गाठ वाईट होती, पण काढली. आता मी घरी आहे आणि मजेत आहे. माझी सून मोनिका वेळच्या वेळी पातळ करून देते. बोलायला जरा त्रास होतो, तो जाईल. शेजारची साळूबाई आणि माझ्या अंगणवाडीतली मदतनीस सुकन्या रोज येऊन बसतात. साळूबाई मला वाघीण म्हणते. म्हणते, ‘आमची वाघीन हाय, तिला काय हुतंय.’ सुकन्या म्हणते, ‘बाई, अर्धी लढाई जिंकलीत.’ अर्धी कुठली, ते ती सांगत नाही.

३ फेब्रुवारीपासून मला रोज नगरला लाईट घ्यायला जायचंय. लाईट म्हणजे मशीनखाली झोपवून शेक देतात, सहा आठवडे. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घालून तो टेबलाला अडकवून टाकतात, हलायचं नाही, आणि खोलीत दुसरं कोणी थांबत नाही. मला त्याची फार भीती वाटते. वाघिणीनं हे कोणाला सांगायचं?

त्याच्या आत तू यावंस. काम काही नाही. नुसती ये.

जया

कोल्हार
८ जानेवारी २०२५

आक्का,

निरोप पोचला. निकितानं फोनवर सांगितला आणि सचिननं जसाच्या तसा मला ऐकवला. ‘कागदावरचं मी धरत न्हाई. कागदावर कुनीबी कायबी लिहितं. ज्या तोंडानं मेली म्हनली, त्याच तोंडानं ये म्हनावं. त्या दिशी पायात चप्पल घालीन.’

मी हातातली पाटी आपटली. हल्ली मी पाटीवर लिहून बोलते, अंगणवाडीतली आहे, एका कोपऱ्याला फुटलेली होती, आता दोन कोपऱ्यांना आहे. साठी गाठत आले तरी आमची आक्का मला कान धरून उभी करणार! मी काय शाळेतली पोर आहे? सचिन म्हणाला, ‘आई, जाऊ दे, मावशीला माहीत नाही.’ त्यावर मी आणखी चिडले, कारण माहीत नाही ते माझ्यामुळेच. मीच लिहिलं नव्हतं.

आता लिहिते. गाठ तोंडात होती म्हणाले, ती जिभेत होती. जिभेचा पाऊण भाग काढला. डाव्या हाताची कातडी आणि मांस काढून त्याची जीभ करून तिथं शिवलीय. ती नुसती पडून असते. तिला चव नाही आणि ती माझं काही ऐकत नाही. नाकातून पोटात नळी आहे, मोनिका त्यातून पेज आणि ताक सोडते. म्हणजे पातळ करून ‘देते’ हे लिहिलं ते खरं आहे, पण मी खाते असं नाही. लाळ गळते. पोरांना बांधतो तसा फडका मी गळ्यात बांधून बसते. मजेत आहे, हे साफ खोटं.

प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठांची, तेवढी निघतात. बाकी सगळा कारभार जिभेकडे होता, हे तीस वर्षं पोरांकडून अक्षरं घोकून घेताना माझ्या कधी लक्षात आलं नाही. माझ्या नावातलं एक ‘मा’ येतं. ‘राही’ या तुझ्या नावातलं काहीच येत नाही. ‘आक्का’ म्हणायला जाते तर ‘आ’ होऊन घशात अडकतं. आणि ‘ये’, आक्का, हा अख्खा शब्द जिभेवर उभा आहे. तोंडात बोट घालून जीभ दाबून धर आणि म्हणून बघ.

गावात काय बोलतात तेही सांगते, तुझ्या कानावर येण्याआधी. ‘बोलली तसं भोगती.’ तोंडावर कोणी म्हणत नाही. पण मला तिसऱ्याकडून कळलंय आणि मला राग आलेला नाही. दवाखान्यात डोळे उघडल्या उघडल्या माझ्याही मनात तेच आलं होतं.

निकिता, आता पुढचा परिच्छेद मनातल्या मनात वाच. आजीला वाचून दाखवायचा नाही. डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू खाता का? मी नाही म्हणाले. मिसरी लावता का? मी गप्प. किती वर्षं? मी म्हणाले, दहाव्या वर्षापासून. त्या वर्षी माझी दाढ ठणकत होती. आमची आई नव्हती, तुझी आजीच माझी आई. तिनं तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजली, कुटली आणि आपल्या बोटानं माझ्या दाढेला लावली. मला मांडीवर घेऊन बसली. ठणका थांबला. नंतर मीच सोडली नाही, अंगणवाडीत पोरांना दात घासायला शिकवायची आणि घरी येऊन मिसरी लावायची, तो दोष माझा एकटीचा. पण तिला कळलं तर ती स्वतःला माफ करायची नाही. म्हणून सांगते, वाचू नकोस. मध्येच गप्प झालीस म्हणून तिनं विचारलं तर खोकल्याचं सोंग कर.

आता मोठ्यानं वाच. आक्का, तुझी अट मला पुरी करता येत नाही. हट्टानं नाही. तुझ्यासमोर हट्ट करायला मला आवडलं असतं. मला खरंच येत नाही गं. अट तेवढी सोड आणि ये.

जया

कोल्हार
१५ जानेवारी २०२५

आक्का,

निकिताला सोंग करता येत नाही, हे कळलं. खोकली म्हणे, पण तू पोराबाळांचे खोकले जन्मभर ओळखत आलीस. तिच्या डोळ्यांवरून तुला कळलं की ती वाचतेय आणि आवाज येत नाही. मग तू तिच्याकडून सगळं वाचून घेतलंस. दोन वेळा जेवली नाहीस, असं ती म्हणाली. आणि एवढंच बोललीस, ‘दाढ दुखत हुती तिची. मला काय ठावं.’

आक्का, जेव. तुला काय ठाऊक असणार? दारची, शेजारची, मास्तरीणसुद्धा मिसरी लावायची. तू दुसरीतून शाळा सोडलीस ती मला कडेवर घेण्यासाठी. मी शिकले ते तुझ्या वाटणीचं. मग शिकलेल्या माणसानं पन्नास वर्षं काय केलं, हे मला विचार. मी तंबाखूच्या डब्यावरचं धोक्याचं चित्र रोज बघत होते.

तू दुसराही निरोप धाडलास. ‘ये कसंबी निघूं दे, वाकडं निघूं दे, मी वळखीन. आयतवारी निकिता घरी असती, तवा फोन लाव.’ हे ऐकल्यापासून मी पुन्हा माणसात आले. तू अट सोडली नाहीस, पण ती माझ्या उंचीची केलीस. तुझ्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

तेव्हापासून माझ्या घरात शाळा भरते. दवाखान्यातल्या बाईंनी व्यायाम दिलेत, पण सुकन्याला ते पुरेसे वाटत नाहीत. तिनं अंगणवाडीतला आरसा आणलाय आणि मला लहान गटात बसवलंय. ‘बाई, ओठ मागं ओढा. गालात वारं धरू नका. आता म्हणा.’ पंधरा वर्षं ती माझ्या हाताखाली होती. पोरांना ती कधी ओरडली तर मी तिला टोकायची, आता ती मला ओरडत नाही म्हणून मला जास्त लाज वाटते.

साळूबाई नुसत्या टाळ्या वाजवते. मी ‘अं’ केलं की ‘आलं! आलं!’ मी ‘हं’ केलं की ‘लई झ्याक!’ परवा मला पाणी हवं होतं, मी ‘पा, पा’ करत होते, तिला वाटलं मी सरावच करतेय. तिनं टाळ्या वाजवल्या. शेवटी मी उठून माठाकडं गेले आणि मग आठवलं की मला पाणीही नळीतूनच घ्यायचंय. तिचा जीव आहे माझ्यावर, रोज दोन घरची धुणीभांडी आटोपून येते. तिला मी काय बोलणार? बोलणार कशानं, हाही प्रश्न आहेच.

काल संक्रांत झाली. गल्लीतल्या बाया, पोरी येऊन गेल्या. एका पोरीनं माझ्या तळहातावर तिळगूळ ठेवला आणि सवयीनं म्हणून गेली, ‘तिळगूळ घ्या, गोड बोला.’ मोनिका आत निघून गेली. मी हसले, म्हणजे माझा अर्धा ओठ वर गेला. ते बघून ती पोरगी रडायला लागली, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत मलाच बसावं लागलं.

रविवारी दुपारी फोन करते. माझ्या आवाजात दोन सूर असतील, पहिला खालचा, दुसरा जरा वरचा, त्यावरून ओळख. आज सकाळी आरशापुढं एकदा तो ‘ये’च्या जवळपास गेला होता. सुकन्या म्हणाली आणि तिला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी धरून चालते.

जया

कोल्हार
१८ जानेवारी २०२५

निकिता,

हे पत्र तुला आहे. आजीला सांगायचं की नाही ते तू ठरव, माझं डोकं चालत नाही.

काल शुक्रवारी दुपारी आजीला एक फोन आला होता, तो मी केला होता.

रविवारपर्यंत थांबायला हवं होतं. पण काल सराव करताना शब्द निघाला. मोडकातोडका, पण निघाला, लागोपाठ तीनदा. साळूबाई उठून उभीच राहिली. ‘आत्ता लाव! आत्ता तोंडात हाय तवर लाव! आयतवारपतूर ऱ्हातंय का न्हाई कुनाला ठावं.’ मलाही तेच वाटलं. सुकन्या म्हणाली, ‘निकिता कॉलेजात असेल, आजी एकट्या असतील, आधी आपण सांगू कोण बोलतंय ते.’ त्यावर साळूबाई म्हणाली, ‘आपुन मधी त्वांड घातलं तर राहीबाई म्हनंल तुमीच म्हनलं. अट तिच्या त्वांडाची हाय. कुनी हूं का चूं करायचं न्हाई.’ आणि मी मान डोलावली. शहाणी म्हणून तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईनं मान डोलावली.

फोन लावला. सुकन्याच्या मोबाईलवरून, कारण त्याचा आवाज मोठा येतो. आजीनं उचलला. ‘कोन हाय?’ म्हणाली. सात वर्षांनी तिचा आवाज ऐकला गं. जो शब्द तीनदा निघाला होता तो चौथ्यांदा निघाला नाही. लाळ आली, श्वास आला, घरघर आली. ‘कोन हाय? बोला की.’ मी पुन्हा केलं. साळूबाईनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं, सुकन्या रडत होती, पण कोणी बोललं नाही. अट म्हणजे अट. मग आजी म्हणाली, ‘मेल्यांनो, म्हातारीची चेष्टा करता व्हय? जनावरावानी वरडून दावता? ठिवा फोन, मुडदा बशिवला तुमचा.’ आणि तिनं फोन ठेवला.

‘मी वळखीन’ म्हणाली होती.

सुकन्या लगेच पुन्हा फोन लावायला निघाली, मी तिचा हात धरला. काय सांगणार? की आजी, ते जनावर तुमची बहीण होती? नाही. नको. तिचं काही चुकलं नाही. मी स्वतः तो आवाज ऐकला असता तरी मीही फोन ठेवला असता.

लाईट घ्यायला मी जाणार नाही. हे मी पाटीवर लिहिलं. सचिन म्हणाला, ‘आई, असं करू नको,’ आणि पाटी पुसली. मी पुन्हा लिहिलं, साळूबाई म्हणाली, ‘वाघीन कुटं घाबरती व्हय?’ सुकन्या म्हणाली, ‘बाई, एवढं सोसलंत, आता थोडंच राहिलं.’ मोनिकानं माझे पाय धरले. सगळी माझ्या भल्याचं बोलत होती आणि मी मध्ये बसले होते. मला ओरडून सांगायचं होतं की एक घटकाभर गप्प बसा. नाही म्हणायलासुद्धा जीभ लागते, हे तुला कधी न कळो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. इथं मारणाऱ्यांचं माझ्यावर प्रेम आहे, एवढंच.

अभ्यास कर. बारावीचं वर्ष आहे. पत्रं वाचण्यात तुझा वेळ मी फार घेतला.

जयाआजी

कोल्हार
२७ जानेवारी २०२५

निकिता,

आजीच्या बीपीच्या गोळ्या, चष्मा आणि दोन लुगडी कोणाबरोबर तरी पाठव. जे नेसून आली तेवढंच आहे. मोनिकाची साडी दिली तर म्हणते, ‘हे पळून जातंय अंगावरनं.’

ती तुला काही न सांगता निघाली, असं तुझ्या वडिलांनी सचिनला फोनवर सांगितलं. तुम्ही सगळे घाबरला असाल. माझं पत्र तू तिला वाचून दाखवलंस, त्याबद्दल मी रागावले नाही. वाचून झाल्यावर ती काय म्हणाली ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारत नाही.

शनिवारी अकराच्या सुमाराला आली. श्रीरामपूरला बस बदलून, कोल्हारच्या स्टँडवर उतरून, विचारत विचारत. मी खाटेवर होते, आरसा उलटा करून ठेवलेला होता. आता सराव कोणासाठी करायचा? साळूबाई आणि सुकन्या दोघी होत्या. मोनिका एकदम म्हणाली, ‘आई, दारात बघा.’

दारात आक्का. केस पांढरेफटक झालेत. उंचीनं कमी झालीय. हातात कापडी पिशवी, पायात चपला. उंबऱ्याच्या बाहेर उभी. मोनिकानं तिला पूर्वी पाहिलेली नाही, तरी तिनं ओळखलं. साळूबाई धावली. ‘या, या, आक्का, आत या.’

‘तू नको म्हनू,’ आक्का म्हणाली. ‘तिला म्हनू दे.’

बस, तीच अट. उन्हात उभी. सत्तरीकडं झुकलेले गुडघे, दोन बसा करून आलेली, आणि चप्पल काढेना. सुकन्या म्हणाली, ‘आजी, त्यांना येत नाही हो, तुम्हाला कळवलंय की.’ आक्कानं माझ्याकडं पाहिलंही नाही, चौकटीकडं बघत होती. निकिता, मला वाटलं ही परत जाणार. माझ्या दारापर्यंत येऊन परत जाणार, आणि मी खाटेवर बसून बघणार.

मी उठले. भिंतीला धरून पुढं गेले. म्हणाले. काय म्हणाले देव जाणे, माझ्याच कानाला ते ‘अ्हं’ असं ऐकू आलं. पुन्हा म्हणाले. सुकन्या हलक्या आवाजात, ‘ओठ मागं, बाई, ओठ मागं.’ पुन्हा म्हणाले. फडका भिजला, नळी हलली, डोळ्यांत पाणी आलं. पाच वेळा झालं, सहा वेळा झालं. आक्का तशीच. शेवटी माझ्यातला दम संपला आणि मी चौकटीला टेकून नुसती उभी राहिले.

तेव्हा साळूबाईला राहवलं नाही. ती मोठ्यांदा ओरडली, ‘म्हनली! ये म्हनली! आमी समद्यांनी आयकलं!’

आक्कानं पहिल्यांदा मान वळवली. ‘म्हनली?’

‘व्हय. देवाशप्पत.’

‘तू बी आयकलं?’ सुकन्याला विचारलं. सुकन्याला खोटं बोलता येत नाही. ती माझ्याकडं बघत म्हणाली, ‘हो. ये म्हणाल्या.’

आक्कानं पुन्हा चौकटीकडं बघितलं. मग म्हणाली, ‘मेली म्हनली तवा मी मांडवात न्हवते. लोकांनी येऊन सांगितलं, ते मी खरं धरलं. सात वर्सं धरलं. आता ये म्हनली असं बी लोकच सांगत्यात. मग हे न धरून कसं चालंल?’

आणि तिनं चपला काढल्या.

खाटेवर माझ्याशेजारी बसली. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि बाजारात बैलाचे दात बघावेत तसं आत बघितलं. मानेवरचा वण बघितला, नळी बघितली, हातावरची कातडी काढलेली जागा बघितली. साळूबाई सुरूच होती, ‘लई सुधारना हाय, आक्का. पयल्यापरास लई बरी हाय. तुमची बहीन म्हंजी वाघीन हाय.’ आक्कानं हात वर करून तिला थांबवलं. मग मला विचारलं, ‘दुखतं का गं?’

ऑपरेशनला दीड महिना होऊन गेला होता. दवाखान्यात हे विचारतात, तिथं एक ते दहामधला आकडा दाखवायचा असतो. घरात, गल्लीत हे मला कोणी विचारलं नव्हतं. सगळे मला सांगत होते की मी बरी आहे, आणि त्यांचा धीर सुटू नये म्हणून मी बरी राहत होते. मी नाही म्हणून मान हलवली. ती हनुवटी सोडेना, नुसती बघत राहिली.

मग मी हो म्हणून मान हलवली, आणि ती मला थांबवता येईना.

जयाआजी